काकूची गाडी वळणावर थांबते

माझे काका बस चालवायचे. नोकरीभर त्यांनी एक गोष्ट जमेल तितकी टाळली, ती म्हणजे गाडी मागे घेणं. म्हणायचे, "पुढे काय आहे ते मला दिसतं. मागे काय आहे ते कंडक्टर सांगतो, आणि आमच्या कंडक्टरवर माझा काडीचा विश्वास नाही."

त्यांचा मार्गही तसाच होता. डेपोतून निघायचं, बाजार, शाळा, कारखान्यांची फाटकं असं करत गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं, टाकीला वळसा घालायचा आणि आल्या वाटेने परत यायचं. काका वळसा असा घ्यायचे की उभ्या माणसाला दांडी धरावी लागू नये. डेपोत त्यांना सगळे 'सावकाश' म्हणत. हे टोपणनाव चिडवण्यासाठी पडलं होतं, पण काका ते पदवीसारखं मिरवत.

काकू घरी टायपिंगचा क्लास घ्यायची. पुढच्या खोलीत ओळीने यंत्रं मांडलेली, नंतर त्यांच्या जागी कॉम्प्युटर आले, पण काकूच्या हातातली लाकडी पट्टी तीच राहिली. कोणी बोटांकडे बघून टाइप करताना सापडला की मनगटावर पट्टी. "बोटांना वाट ठाऊक असते, डोळ्यांनी मध्ये मध्ये लुडबूड करू नये," असं ती सांगायची. मीही तिच्याकडेच शिकले. आज मी एका कारखान्यात सर्किट बोर्ड तपासते आणि अहवाल न बघता टाइप करते, तेव्हा शेजारच्या टेबलावरची पोरं तोंडात बोट घालतात.

तर या काकूला झटका आला. सकाळी चहाचा कप हातातून निसटला, काका फडकं घेऊन येईपर्यंत ती खुर्चीतून कलली. उजवी बाजू गेली. पाय हळूहळू परत आला, धरून धरून न्हाणीघरापर्यंत जाऊ लागली. हात आला नाही. आणि बोलणं गेलं. सगळे शब्द गेले, फक्त दोन उरले : "असू दे." चहा हवा असला तरी असू दे, नको असला तरी असू दे. उशी टोचत असली, खिडकी लावायची असली, काकांवर राग आला असला तरी असू देच. काका सुरावरून ओळखायचे. बहुतेक वेळा चुकायचे, मग काकू डोळे मिटून घ्यायची.

व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची. काकांच्या मुलीपेक्षाही लहान असेल, पण काका तिला मॅडम म्हणत आणि ती आली की उठून उभे राहत. एक दिवस तिने काकूची उजवी बोटं एकेक करून सरळ केली, मग सोडली, आणि मधलं बोट आपसूक किंचित हललं. मॅडम खूश झाल्या.

"काका, हात जागा होतोय. आता पुढचे काही महिने फार महत्त्वाचे. पण मी दाबून-ओढून फार काही होणार नाही. त्यांना स्वतःला हलवावंसं वाटलं पाहिजे. असं काहीतरी द्या की त्या आपणहून फिरवतील."

"म्हणजे काय देऊ?"

"काहीही. नळ, बरणीचं झाकण, रेडिओचं बटण."

काकांनी सगळं दिलं. काकूने झाकणाकडे पाहिलं, रेडिओकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि म्हणाली, "असू दे." या वेळचा सूर काकांना लगेच कळला.

मग त्यांना माळ्यावरचा खोका आठवला. नातवाला कोणीतरी वाढदिवसाला खेळण्यातली रेल्वे दिली होती. चावीची नाही, खरी विजेवर चालणारी. नातू थोडा वेळ खेळला आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घालून बसला. खोका आजोबांकडेच राहिला. त्यात अंड्याच्या आकाराचा रुळांचा एक फेरा, एक इंजिन, तीन डबे आणि गोल बटण असलेली एक काळी डबी होती. बटण फिरवलं की गाडी निघते, जास्त फिरवलं की वेग वाढतो. बाजूला एक छोटा खटका, तो पुढे-मागे जाण्यासाठी. काकांनी पलंगाशेजारी दोन स्टुलांवर प्लायवूड टाकलं, त्यावर रूळ मांडले आणि डबी काकूच्या उजव्या हाताखाली ठेवली.

"हे स्टिअरिंग," त्यांनी सांगितलं.

काकू बराच वेळ बघत राहिली. मग तिचा तळवा डबीवर सरकला, अंगठा बटणाला लागला आणि बटण थोडंसं, अगदी थोडंसं फिरलं. इंजिनाने धक्का खाल्ला आणि गाडी निघाली.

काकांनी मला कारखान्यात फोन केला. आमच्याकडे कामाच्या वेळी फोन घेऊ देत नाहीत, म्हणून त्यांनी फाटकावरच्या वॉचमनला निरोप दिला. वॉचमन येऊन म्हणाला, "तुमच्या काकांची गाडी सुटली." मी घाबरले. मग फोनवर कळलं.

"काका, ते स्टिअरिंग नाही," मी म्हटलं. "ॲक्सिलरेटर आहे. वळवायचं काम रूळ करतात."

"असेल गं. तिला सांगू नकोस. स्टिअरिंग म्हटल्यावर हात हलला तिचा."

काही आठवडे फार चांगले गेले. काकू रोज गाडी चालवायची. मॅडम म्हणाल्या, अंगठा सुटतोय, मनगट सुटतंय. काकांबरोबर नोकरीभर एकाच बसवर असलेला तो कंडक्टर संध्याकाळी यायचा, काकूला विचारायचा, "वहिनी, एक तिकीट द्या, टाकीपर्यंत." काकूच्या तोंडाचा डावा कोपरा वर जायचा.

पण फेरा तो फेराच. गाडी निघते, गोल फिरते, निघाली तिथेच येते. हळूहळू काकू गाडीऐवजी खिडकीबाहेर बघू लागली. हात डबीवर असायचा, पण बटण फिरायचं नाही.

"ती कंटाळली," काका म्हणाले.

"मग काय करेल!" कंडक्टर म्हणाला. "बस चालवायला दिली का घाण्याचा बैल हाकायला बसवलंस? मार्ग कुठाय? थांबे कुठायत? मी तरी कंटाळलो असतो."

"तू तर टाकीच्या मार्गावरही कंटाळायचास."

"मी तुझ्या वेगाला कंटाळायचो."

ते काकांच्या मनाला लागलं. वेगाचं नाही, मार्गाचं. त्यांनी ठरवलं की काकूला खरा मार्ग द्यायचा. पलंगापासून निघायचं, भिंतीकडेने कपाटाला लागून जायचं, दार ओलांडायचं आणि स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी पोचायचं. काका तिथे चहा करत असतील. डब्यात बिस्किट ठेवतील, तिचा चष्मा ठेवतील, आणि गाडी परत जाईल. काकूने गाडी पाठवली म्हणजे तिला काहीतरी हवंय. असू दे या दोन शब्दांतून जे कळत नव्हतं ते गाडीतून कळेल. शिवाय ती गाडी तिचा उजवा हात पाठवेल.

त्यांनी जादा रूळ मिळवले. वाकवता येणाऱ्या लांब पट्ट्या होत्या. रूळ एकमेकांना जोडायला त्यांच्या टोकांवर सरकवायच्या पत्र्याच्या बारीक चिमट्या असतात, त्या बसवता बसवता त्यांच्या अंगठ्याच्या नखाखाली रक्त साकळलं. भिंतीला लाकडी पट्टी ठोकून त्यावर मार्ग नेला. दाराच्या उंबऱ्यावर पूल केला. आता राहिलं स्वयंपाकघराकडचं टोक. गाडी तिथे पोचल्यावर परत कशी येणार? दुसरा कोणी असता तर त्याने खटका दाबून गाडी उलटी आणली असती. काकांच्या ते स्वप्नातही आलं नाही. शेवटच्या थांब्यावर गाडी काय करते? वळसा घालते. त्यांनी एक सांधा आणला, म्हणजे रूळ जिथे दोन वाटांना फुटतात तो तुकडा, आणि त्याच्या पुढे एक मोठं गोल वळण घातलं. गाडी एका वाटेने वळणात शिरणार आणि दुसऱ्या वाटेने बाहेर पडून आल्या मार्गाला लागणार. मधोमध पाण्याचा एक स्टीलचा ग्लास उपडा ठेवला. "टाकी," ते कंडक्टरला म्हणाले. पलंगाकडच्या टोकाला तूर्तास गाडी हाताने उचलून फिरवायची असं ठरलं.

पहिल्या फेरीच्या दिवशी मॅडमना मुद्दाम थांबवून घेतलं. काकूने बटण फिरवलं. गाडी निघाली. कपाटापाशी गेली, उंबऱ्यावरच्या पुलावरून खडखडत गेली. पलंग दाराच्या रेषेत सरकवला होता, त्यामुळे काकूला थेट ओट्यापर्यंत दिसत होतं. ती मान उचलून बघत होती. गाडी सांध्यावरून वळणात शिरली, ग्लासाला अर्धा वळसा घातला आणि थांबली. डबीवरचा हिरवा दिवा विझला.

काकूने बटण आणखी फिरवलं. काही नाही. आणखी फिरवलं. मग तिने आपल्या हाताकडे पाहिलं.

"तुझं काही नाही!" काका ओट्यापासून ओरडले. "इथलं आहे काहीतरी. थांब."

त्यांनी इंजिन उचलून मागे ठेवलं, डबी बंद करून चालू केली. दिवा लागला. काकूने पुन्हा बटण फिरवलं. गाडी पुन्हा वळणात शिरली आणि पुन्हा त्याच जागी थांबली. तिसऱ्यांदाही तेच. दर वेळी काकू आधी गाडीकडे बघायची, मग हाताकडे. शेवटी तिने डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि पांघरुणाखाली ठेवला, जसा क्लासमध्ये एखाद्याचा कागद तपासून झाला की बाजूला ठेवायची तसा.

"असू दे."

काका वळणापाशी गुडघ्यांवर बसले. गाडी थांबते ती जागा त्यांनी नीट बघितली. तिथे शेवटचा तुकडा थोडा आखूड पडला होता, दोन्ही रुळांत केसाएवढी फट राहिली होती आणि चिमटी बसली नव्हती. सापडलं! जोड सैल आहे, वीज पोचत नाही, साधी गोष्ट. बसमध्ये हॉर्न वाजेनासा झाला की असंच कुठेतरी असायचं. त्यांनी डाग द्यायची सोल्डरची बंदूक आणली, हात स्थिर ठेवायला कोपर मांडीवर टेकवलं आणि दोन्ही फटी तांब्याची तार घालून सोल्डर करून टाकल्या. मी नंतर बघितलं, टाका सुरेख होता. आमच्याकडे पास झाला असता.

"अगं, झालं. चालव."

काकूचा हात बाहेर येईना. काकांनी विनवलं, मॅडमनी विनवलं, तेव्हा कुठे तिने तो डबीवर ठेवू दिला. अंगठा हलला. दिवा क्षणभर लागला आणि विझला. या वेळी गाडी पलंगापासूनच हलली नाही.

सुटीच्या दिवशी मी गेले तेव्हा काकांनी दार उघडून नमस्कार-चमत्कार काही न करता सांगितलं, "इंजिनियरीणबाई, जितकं नीट जोडावं तितकं मरतंय. मला हे झेपत नाही."

मी डिप्लोमावाली आहे, इंजिनियर नाही, पण काकांना तो फरक मान्य नाही. मी मीटर घेऊन बसले. एकेक जोड तपासला. सगळे उत्तम. कुठे तार तुटलेली नाही, कुठे दोन तारा एकमेकींना चिकटलेल्या नाहीत. तरी मीटर सांगत होता की डावा रूळ आणि उजवा रूळ एकमेकांना जोडलेले आहेत. मी प्लायवूडखाली डोकं घालून टाचणी, खिळा, तारेचा तुकडा शोधला. काही नव्हतं. मग मी उठून उभी राहिले आणि वरून तो सगळा मार्ग एका नजरेत बघितला, तेव्हा लक्षात आलं.

"काका, जोड चुकलेला नाही. वळण चुकलंय."

"वळणात काय चुकायचं आहे? टाकीपाशी जन्मभर तसंच वळवलं."

"बसला रबराची चाकं असतात. रस्त्यात वीज नसते. इथे दोन रूळ म्हणजे दोन वायरी आहेत. एकातून वीज येते, इंजिनातून जाते आणि दुसऱ्यातून परत जाते. त्या दोघी कुठेही एकमेकींना भेटता कामा नयेत. भेटल्या की शॉर्ट होतं आणि डबी आपोआप बंद पडते."

"मग कुठे भेटल्या?"

मी त्यांना उभं केलं. "दाराकडे तोंड करा. खिडकीकडे कुठला हात आहे?"

"डावा."

"आता टाकीला वळसा घाला."

काका स्वयंपाकघरात गेले, वळणाला फेरी मारून परत माझ्याकडे चालत आले.

"आता खिडकीकडे कुठला?"

ते थांबले. त्यांनी दोन्ही हातांकडे बघितलं. "उजवा."

"रुळांचं तेच झालं. वळून परत आल्यावर डावा रूळ उजव्याला येऊन मिळाला. तुमची फट होती तोवर ते भेटत नव्हते. गाडीचं चाक फटीवर आलं की भेटायचे, म्हणून गाडी तिथेच थांबायची. तुम्ही फट बुजवली, आता ते कायमचे भेटले."

"म्हणजे मी चांगलं काम केलं म्हणून बंद पडलं."

"हो."

"छान आहे." ते स्टुलावर बसले. मग एकदम उठून पलंगापाशी गेले. "अगं, ऐकलंस ना? वळणाचं होतं! तुझ्या हाताचं नव्हतंच! ही शिकलेली मुलगी सांगते आहे. सांग गं तिला."

मी सांगितलं. डावा-उजवा सगळं सांगितलं. काकू माझ्याकडे प्रेमाने बघत होती. ती नजर मला ओळखीची होती. एखाद्या कच्च्या पोराची आई क्लासमध्ये येऊन म्हणायची, त्या दिवशी याला ताप होता म्हणून चुका झाल्या, तेव्हा काकू तिच्याकडे असंच बघायची.

"असू दे," ती म्हणाली.

याच्यावर उपाय असतो, आणि तो मला येत होता. वळणाच्या दोन्ही टोकांना चारही रूळ बारीक पात्याने कापायचे, मध्ये प्लास्टिकच्या चिमट्या बसवायच्या. वळण असं वेगळं पडलं की त्याला स्वतंत्र वायर द्यायची. गाडी वळणात असताना बाहेरच्या मार्गाची वीज एका स्विचने उलटी करायची, म्हणजे गाडी बाहेर पडते तेव्हा दोन्हीकडचे रूळ जुळतात. मी ते दिवसभरात केलं. काकांनी कापायला पट्टी धरली, वायरींना रंगीत चिकटपट्टी लावली. स्विच वळणापाशीच बसवला, कारण गाडी पूर्ण आत आली की नाही ते तिथून दिसतं, आणि सांधाही तेव्हाच बदलायचा असतो.

संध्याकाळी कंडक्टर आला. काका स्विचपाशी उभे राहिले. मॅडम नव्हत्या, म्हणून मी काकूचा हात डबीवर ठेवला. तो मागच्या खेपेपेक्षा आखडलेला वाटला. अंगठा बटणापर्यंत पोचायला वेळ लागला. गाडी निघाली. पूल, सांधा, वळण. काकांनी खट्‌कन स्विच दाबला, सांधा ओढला, आणि गाडी टाकीला वळसा घालून दिमाखात बाहेर पडली आणि पलंगाकडे तोंड करून निघाली.

कंडक्टरने टाळ्या पिटल्या. "वाह वहिनी! नवऱ्यापेक्षा सफाईने वळवलीत!"

काकू गाडीकडे बघत नव्हती. ती दारातून काकांच्या हाताकडे बघत होती. तो हात अजून स्विचवर होता. तिच्या तोंडाचा डावा कोपरा वर गेला, पण ते हसू निराळं होतं. मागे उभं राहून कोणी आपली बोटं दाबतंय हे न कळायला ती काय नवशिकी होती? तिने उजवा हात पुन्हा उचलून पांघरुणाखाली ठेवला. गाडी पलंगापाशी येऊन टोकाच्या लाकडाला धडकली आणि तिथेच चाकं फिरवत राहिली. शेवटी मीच बटण बंद केलं.

मी खूप बोलले. स्विच म्हणजे फक्त दिशा, चालवत तूच आहेस, वगैरे. सगळं खरं होतं. आधी गाडी थांबली तेव्हा तिचा हात नापास झाला होता. आता गाडी चालली तर ती तिची राहिली नव्हती. मीटर लावून हे कुठे तपासायचं, मला कळेना.

पुढच्या वेळी गेले तेव्हा वळण नव्हतं. काकांनी सगळं उखडून टाकलं होतं, सांधा, स्विच, माझ्या रंगीत चिकटपट्ट्या, सगळं. मार्ग ओट्यापाशी सरळ येऊन संपत होता. ग्लास पुन्हा पिण्याच्या पाण्याच्या कामाला लागला होता.

"आता कोणी काही दाबायचं नाही," काका म्हणाले. "जाताना पुढे, येताना मागे. खटका तिच्याच डबीवर आहे. मी इकडे हात सुद्धा लावणार नाही."

"तू? मागे?" कंडक्टर म्हणाला. "मग मी शिट्टी घेऊन येऊ का? इतकी वर्षं पडून आहे, गंजली असेल."

"ये घेऊन," काका म्हणाले.

काका दिवसभर ओट्यापाशी खुर्ची टाकून बसायचे. हात मांडीवर, दिसतील असे उघडे. तिथूनच भाजी निवडायचे, पेपर वाचायचे, पलंगाकडे बघायचं नाही असं स्वतःला बजावायचे आणि बघायचे. काकू खिडकीबाहेर बघायची. डबी तिच्या उजव्या कुशीला ठेवलेली, दिवा हिरवा. काका सकाळी डबी चालू करत आणि झोपताना बंद करत. गाडी आली नाही.

मॅडम येत राहिल्या. एक दिवस त्यांनी काकांना दाराबाहेर बोलावलं. मी चपला घालत होते, म्हणून ऐकलं.

"बोटं आत वळायला लागली आहेत, काका. मधे सुटत होती, आता परत."

"माझ्यामुळे झालं का हे? ते वळण..."

"असं काही म्हणता येत नाही. झटक्यानंतर असं होतं. आपण रोज उघडत राहायचं, म्हणजे निदान आखडून बसणार नाहीत."

"पण फिरवेल ना ती? पुढे कधी?"

मॅडम चांगल्या होत्या, खोटं बोलल्या नाहीत. "तुम्ही उघडत राहा," त्या म्हणाल्या आणि जिना उतरल्या. काका नेहमीप्रमाणे त्या दिसेनाशा होईपर्यंत उभे राहिले.

त्यानंतर एका दुपारी काका ओट्यापाशी कांदा चिरत होते आणि पुलावर खडखड झाली. त्यांनी सुरी ठेवली. गाडी दारातून आली, हळू, एका चालीने, कुठे धक्का नाही, आणि टोकाच्या लाकडाला न शिवता अलगद उभी राहिली. हे त्यांनी मला फोनवर सांगितलं.

"मग?" मी विचारलं.

"मग मी धावत गेलो."

काकू पलंगावर कुशीवर वळली होती. डावा हात छातीवरून पलीकडे ताणून तिने बटण धरलं होतं. उजवा पांघरुणाखाली होता. मानेची शीर ताणली होती, पण डोळे थेट ओट्याकडे होते, बटणाकडे बघत नव्हती. काका दारात आलेले पाहून ती म्हणाली, "असू दे," आणि खटका मागे ओढून गाडी परत बोलावली. डब्यात काही ठेवलेलं नव्हतं. तिने रिकाम्या डब्यांकडे बघितलं, मग काकांकडे. त्यांना कळलं. ते जाऊन बिस्किटं घेऊन आले.

"रोज पाठवते आता," काका म्हणाले. "चष्मा मागवते. चहा मागवायचा असला की दोनदा पाठवते. झकास चालवते गं. मला असा ब्रेक नाही लावता आला कधी." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुला एक विचारायचं होतं. ती डबी डावीकडे घेऊ का? रोज एवढं ताणून तिचा खांदा दुखतो. पण डावीकडे घेतली तर उजवा हात..."



"मॅडम काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाल्या, तुम्ही ठरवा."

"वायर पुरणार नाही," मी म्हटलं. "पलंगाखालून न्यावी लागेल. मी घेऊन येते."

सुटीच्या दिवशी मी वायर घेऊन गेले. काकू मागे टेकून बसली होती. काका पलंगाखाली शिरले, मी या बाजूने वायर सरकवली, त्यांनी त्या बाजूने ओढली. जोड मी केला, त्यावर टेप काकांनी गुंडाळली. मग त्यांनी डबी उचलली. डाव्या बाजूच्या छोट्या टेबलावर औषधं होती, ती सरकवून जागा केली आणि डबी ठेवली. बटण काकूच्या बोटांखाली येतंय ना ते दोनदा बघितलं. ती त्यांच्याकडे बघत होती. ती काही म्हणाली नाही, असू दे सुद्धा नाही.

मी ओट्यापाशी जाऊन उभी राहिले, कोणीतरी तिकडे असायला हवं म्हणून. गाडी आली. मी डब्यात चष्मा ठेवला. गाडी मागे मागे गेली.

काका पलंगाच्या उजव्या बाजूला स्टूल ओढून बसले होते. पांघरुणाखालून तिचा उजवा हात काढून त्यांनी आपल्या गुडघ्यावर ठेवला होता आणि मॅडमनी दाखवलं होतं तसं करंगळीपासून एकेक बोट उघडत होते. उघडलेलं बोट सोडलं की ते पुन्हा आत वळायचं. काकूने चष्मा घेतला, लावला आणि गाडी पुन्हा पाठवली. काका पुन्हा करंगळीपासून सुरू झाले.